घड्याळाखालचा खिळा

फ्लोडवे, हॅरिस बेट
मंगळवार, ७ ऑक्टोबर १९५८

ती. मर्डोदादा यास,
एफीचा शि. सा. न. वि. वि. पुढे आहे, ती बसून वाच.

मागाच्या खोपटाचं दार ढकललं तेव्हा बाबांचे पाय चालूच होते. मी तीनदा हाक मारली. मागाच्या खडखडाटात ती त्यांना ऐकू गेली नाही. शेवटी गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा ते थांबले, माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, की बोट लवकर आली वाटतं, टार्बर्टहून मीठ आणलंस का. माझ्या हातात बायबल होतं, डोक्यावर काळी टोपी होती. त्यांनी दोन्हींकडे पाहिलं. त्यांच्या काही ध्यानात आलं नाही. मी म्हटलं, जेवायला चला.

रविवार होता, दादा. परवाचा.

शुक्रवारपासून ते तापाने पडून होते. रविवारी त्यांना अंथरुणातच ठेवून मी एकटी चर्चला गेले. रविवारी कामाला हात लावायचा नाही, म्हणून शनिवारी संध्याकाळी धोटा मागातून काढून घरात घड्याळाखालच्या खिळ्याला टांगायचा, हे आजीपासून चालत आलं आहे, आणि ते काम बाबांचं. या शनिवारी ते उठलेच नाहीत, आणि मी तू ग्लासगोत मिळवलेल्या कोटांच्या ऑर्डरची लेबलं मोजून बांधत बसले होते. धोटा मागातच राहिला. मला आठवणही झाली नाही. सकाळी ते उठले, घरात कोणी नाही, बाहेर लख्ख उजाडलेलं, आणि खिळा रिकामा. खिळा रिकामा म्हणजे कामाचा दिवस. कॅलेंडर वाचता येण्याआधी आपण दोघं हेच शिकलो होतो. ते जाऊन मागावर बसले.

चूक माझी आहे. पण सगळी माझी नाही, तेही सांगते. गेल्या महिन्यात त्यांनी मला दोनदा आईच्या नावाने हाक मारली. एकदा मेंढ्या आणायला निघाले आणि कुंपणापाशी उभे राहिले, कशाला आलो ते आठवेना म्हणून. हे मी तुला कळवलं नव्हतं.

आता रस्त्यावर काय झालं ते. चर्च सुटल्यावर आम्ही वीस-पंचवीस माणसं बरोबरच परतत होतो. रोरीच्या गोठ्याजवळ वळलो आणि माग ऐकू आला. गावात आठ माग आहेत. कोणाचा वाजतोय हे कोणाला विचारावं लागत नाही. आपल्या मागाची पायाखालची उजवी पावडी कुरकुरते. सगळे थांबले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. चर्चच्या पंचांपैकी एक, एकतीस वर्षं पंचांच्या पुढच्या बाकावर बसलेला माणूस, आणि त्याच्या घरातून रविवारी माग वाजतोय.

मग पेगीने स्तोत्र धरलं.

पेगीने, दादा. तुला आठवतं ना, तिचा नवरा बुडाला त्या वर्षी वादळात तिचं वाळत घातलेलं सूत भिंतीवरून उडायला लागलं. रविवार असून तिने ते गोळा केलं. सोमवारी बाबा तिच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, की या खेपेला तुला प्रभुभोजनाला बसता येणार नाही. तीच पेगी. तिने पहिली ओळ म्हटली, मग रोरीने उचलली, मग सगळ्यांनी, चर्चमध्ये म्हणतो तशी ताणून, पण चर्चमध्ये कधी म्हणत नाही इतक्या मोठ्याने. त्याखाली माग ऐकू येईनासा झाला. मी धावत सुटले.

तेव्हापासून कोणी चकार शब्द काढलेला नाही. काल रोरी मासे देऊन गेला. हवा बरी आहे म्हणाला. हवा बरी नव्हती.

प्रश्न ठाणाचा आहे. ताप उतरला, बाबा कालपासून पुन्हा मागावर आहेत, साठ वार शुक्रवारपर्यंत पुरे होतील. त्यातले एकतिसाव्यापासून सदतिसाव्यापर्यंतचे सात वार रविवारचे. मी तेव्हा खुणेचा दोरा बांधला नाही. गाठ मारणं हेही कामच. तिसाव्या वाराच्या लाल दोऱ्यापासून नुसतं डोळ्यांनी मोजून ध्यानात ठेवलं.

हे सात वार त्यांच्या नावाचं लेबल लावून विकले आणि त्यांना पुढे कधी कळलं, तर त्यांनी जन्मभर जे राखलं ते आपण त्यांच्या नकळत विकलं असं होईल. कापून काढले, तर का कापले ते आजच सांगावं लागेल. मला दोन्ही जमत नाही. तू मोठा आहेस. सांग.

माया आहे तशी राहू दे, एवढंच मागणं.
एफी


ग्लासगो
शुक्रवार, १० ऑक्टोबर

चि. एफी हिस,
अ. उ. आ., आणि त्यासोबत थोडा राग.

बाबांचं तू आधी कळवायला हवं होतंस. राग त्याचा. बाकी कशाचा नाही.

ठाण अख्खं पाठव. मी दोन दिवस विचार करून लिहितो आहे. ऑर्डर देणारा हा खरेदीदार स्वतःहून दुकानात आला होता. कापड हातात चोळलं, नाकाशी धरलं, उजेडात नेलं, आणि म्हणाला, की मला याचेच बारा कोट हवेत, एका ठाणातून, मधे जोड नको, रंगात फरक नको. आवडले तर दर हिवाळ्यात घेईन. एफी, सहा वर्षं मी लोकांच्या कॉलर उलटून शिवतो आहे. आपल्या कापडासाठी एवढा मोठा दुकानदार पायऱ्या चढून येण्याची ही पहिली वेळ. हे जमलं तर दुसरा माग घेता येईल, तुझ्या हाताखाली बाई ठेवता येईल, आणि बाबांना मागावर बसायची गरज उरणार नाही. त्यांच्यासाठीच म्हणतो आहे.

कापडावर हॅरिसचा शिक्का मारणारा तपासनीस कापड पाहतो, कॅलेंडर नाही. कापड बेटावर विणलेलं आहे, घरात विणलेलं आहे, हातापायांनी विणलेलं आहे. शिक्क्याचा नियम आणखी काही विचारत नाही. गावही विचारत नाही. वीस माणसं रस्त्यात उभी राहून घसा फोडून गायली ती कशासाठी? ऐकलं नाही असं ठरवण्यासाठी. आता तूच एकटी का ऐकत बसली आहेस?

मी इथे दर रविवारी ट्रामने जातो. पहिल्यांदा बसलो तेव्हा तिकीट देणाऱ्याकडे पाहवत नव्हतं. आता खिडकीची जागा शोधतो. आभाळ जागच्या जागी आहे.

बाबांना सांगू नकोस. त्यांना ठाऊक नाही, तर ते त्यांचं पाप नाही. ते तू त्यांच्या पदरात कशाला टाकतेस? आणि धोट्याचं मनाला लावून घेऊ नकोस. खिळ्याकडे बघून दिवस ओळखणारं घर जगात आपलं एकच असेल.

अठरा तारखेच्या बोटीने ठाण निघू दे. माझ्यावर चिडलीस तरी चालेल, तुटू नकोस.
मर्डो


फ्लोडवे
शनिवार, ११ ऑक्टोबर

चि. मर्डो यास,
लॅकलन मॅकअस्किल याचे आशीर्वाद. पत्र लिहायचा मला कंटाळा, हे तू जाणतोस. तरी लिहितो आहे, म्हणजे कारण आहे.

ठाण काल पुरं झालं. आज सकाळी मागावरून उतरवलं. साठ वार, वर चार बोटं. ऑगस्टात एफीने खाडीच्या खडकावरून दगडफूल खरवडून आणलं होतं, ते या वर्षी चांगलं जाड होतं. लोकरीने रंग असा धरला आहे, की पाऊस थांबल्यावर खडक दिसतो तसा. तुझ्या त्या खरेदीदाराला म्हणावं, सूर्यप्रकाशात बघू नकोस, ढग असताना बघ. गेल्या दहा वर्षांत माझ्या हातून असं कापड उतरलेलं नाही. ताप आल्याने हात हलके झाले की काय कोण जाणे. एफीला म्हटलं, ठाणाची टोकं मी बांधतो, तर तिने ते उचलून आईच्या पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं. माझ्याच घरात माझ्याच कापडाला कुलूप. तिच्या आजीवर गेली आहे.

आता कारण. गावात कोण गेलं, ते मला कोणी सांगत नाही.

मागच्या शनिवारी मी मागावर होतो. एफी टार्बर्टला गेली होती. धोट्यातली सुताची कांडी बदलायला थांबलो तेव्हा रस्त्यावरून स्तोत्र ऐकू आलं. बरीच माणसं होती. पेगीचा आवाज सगळ्यांच्या पुढे. भर दुपारी, कामाच्या दिवशी, रस्त्याने स्तोत्र म्हणजे प्रेतयात्राच, दुसरं काय असणार. मी उठायला हवं होतं. पण अंगात कणकण होती, आणि कांडी बसवली की पाय आपोआप चालायला लागतात. एफी आली, तिला विचारलं, ती म्हणाली, कोणी नाही बाबा, जेवा.

मर्डो, एकतीस वर्षांत या गावातून माझ्या खांद्याशिवाय एकही माणूस गेला नाही. तुझ्या आईला मी खांदा दिला. पेगीच्या नवऱ्याची रिकामी शवपेटी उचलली, तेव्हाही पुढे मी होतो. आता लोक मला पाहिलं की बोलता बोलता थांबतात. रोरीने मासे आणून दिले, माझ्याकडे न बघता. साहजिक आहे. आलो नाही म्हणून त्यांना लागलं असणार. पण मी कोणाच्या दारी जाऊन माफी मागू, तेच मला कळत नाही. सगळी घरं मोजून पाहिली. सगळी माणसं दिसतात. मी कोणाला तरी विसरतो आहे.

एफी तुला सगळं लिहिते. तुला ठाऊक असेल. नाव कळव. काळा टाय काढून ठेवला आहे.

तिकडे गरम कपडे घाल. आपल्या दुकानात आहेत म्हणतात.
तुझा बाप


ग्लासगो
मंगळवार, १४ ऑक्टोबर

चि. एफी हिस,
आज आशीर्वाद द्यायला तोंड नाही. गृहीत धर.

बाबांचं पत्र काल आलं. सोबत ठेवलं आहे, वाच. मी ते दुकानात उभ्याने वाचलं. मापं द्यायला एक गिऱ्हाईक आलं होतं. त्याच्या खांद्याचं माप मी तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं.

त्यांना उत्तर लिहायला बसलो. कोणी गेलं नाही असं लिहिलं, फाडलं. मग पलीकडच्या गावातली म्हातारी गेली असं लिहिलं. तिचं नावसुद्धा ठरवलं होतं, एफी. ते लिहून झाल्यावर माझं मलाच वाचवेना. ते काळा टाय बांधून सहा मैल चालत गेले असते. तिसऱ्या कागदावर नुसती तारीख आहे.

मी तुला लिहिलं होतं, की त्यांना ठाऊक नाही तर ते त्यांचं पाप नाही. पण ते तिकडे घरं मोजत बसले आहेत. आपण दोघं गप्प राहिलो म्हणून ते न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायला निघाले आहेत.

आज सकाळी मी खरेदीदाराकडे गेलो. ठाण सलग मिळणार नाही, दोन तुकडे येतील, सात वार कमी, असं सांगितलं. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, घरचं आहे. त्याने समोरचा नमुना बोटाने माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, की कापडाबद्दल वाद नाही, पण घरच्या कारणांवर मला दुकान चालवता येत नाही. वाईट माणूस नाही. दारापर्यंत पोचवायला आला. मी नमुन्याची घडी घालून खिशात ठेवली. येताना चालत आलो.

तेव्हा ऑर्डरचा विचार मनातून काढून टाक. ती गेली. आता राहिले फक्त बाबा. तू सांग, नाहीतर मला तार कर, मी येऊन सांगतो. पण माझ्यासाठी एक कर, खोटं सांगू नकोस. ते मी करून पाहिलं.

माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल, तर उरला असेल तेवढा ठेव.
मर्डो


फ्लोडवे
सोमवार, २० ऑक्टोबर

ती. मर्डोदादा यास,
शि. सा. न. लोभ मोजून पाहिला नाही, आहे तितका आहे.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. त्याच्या आदल्या दिवशीच सगळं झालं होतं. आधी लिहायला बळ नव्हतं.

बुधवारी सकाळी बाबांनी दाढी केली, काळा टाय बांधला आणि टोपी घेतली. मी विचारलं, कुठे. म्हणाले, की मर्डोचं उत्तर येईपर्यंत थांबलो तर लोक म्हणतील लॅकलन निगरगट्ट झाला. मी दारात आडवी उभी राहिले. त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला केलं, लहानपणी करायचे तसं. मी मागोमाग गेले.

आधी रोरीकडे. रोरी जाळं दुरुस्त करत होता. बाबांनी टोपी काढली आणि म्हणाले, की मी आलो नाही, मला क्षमा कर, कोण गेलं तेवढं सांग. रोरी लाल झाला. म्हणाला, की लॅकलन, माशांना यंदा काटे फार आहेत. आणि आत निघून गेला.

मग पेगीकडे. ती दारातच बसली होती. पाय आता फारसे चालत नाहीत तिचे. बाबांनी तेच विचारलं. पेगी माझ्याकडे पाहत होती, आणि मी काहीच करू शकले नाही, मान हलवलीसुद्धा नाही. मग ती म्हणाली, बस. ते बसले. ती म्हणाली, की कोणी गेलं नाही रे. तो शनिवार नव्हता, रविवार होता. तुझा माग वाजत होता, म्हणून आम्ही गायलो.

दादा, बाबा माझ्याकडे वळले. मग त्यांनी विचारलं, खिळा रिकामा होता ना? मी म्हटलं, होता, मी धोटा आणायला विसरले. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग ते पेगीला म्हणाले, की तू मूठभर सूत वाचवलंस आणि मी तुला प्रभुभोजनावरून उठवलं. मी वारच्या वार विणले आणि तू मला झाकलंस. पेगी म्हणाली, की फार मोठा होऊ नकोस, तुला झाकायला नाही गायले, रस्त्यात पोरंबाळं होती. आणि आणखी एक ऐकून ठेव. ते सूत मी तुझ्याच बायकोला विकलं होतं. तिला ठाऊक होतं. त्याचा कोट तुझ्या मर्डोने शाळेत तीन वर्षं घातला. त्याचं काही वाकडं झालं नाही. ग्लासगोला गेला, एवढंच.

बाबा हसले. हसता हसता त्यांनी टाय सोडला आणि खिशात कोंबला. मी त्यांना आजवर कधी रडताना पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही. पेगीने तिकडे पाहायचं टाळलं आणि मला ओरडली, की उभी काय राहिलीस, चहा ठेव.

घरी आल्यावर त्यांनी पेटीची किल्ली मागितली. ठाण जमिनीवर पसरलं. लाल दोरा शोधला. मला विचारलं, कुठून. मी दाखवलं. त्यांनी स्वतः मोजलं, दोनदा, आणि स्वतः कापलं. काप सरळ आला. रविवारचा तुकडा घडी घालून त्यांनी पेगीला नेऊन दिला आणि म्हणाले, की विकायचा नाही, जाळायलाही हात होत नाही. ती म्हणाली, गुडघ्यांवर घेईन, माझे गुडघे कोणाचंच ऐकत नाहीत.

उरलेले त्रेपन्न वार शनिवारच्या बोटीने तुझ्याकडे निघाले. दोन तुकडे. विकले जातील तसे विक. बाबांनी लेबलं तपासली आणि म्हणाले, की यावर माझं नाव चालेल.

शनिवारी दुपारी ते पाद्रींकडे जाऊन आले. या खेपेला मी प्रभुभोजनाला बसणार नाही, असं सांगितलं. पाद्री म्हणाले, की आजारी माणसाच्या विसरण्याला पाप म्हणत नाहीत. बाबा म्हणाले, की पेगीला मी कारण विचारलं नव्हतं, मग मला कशाला विचारायचं.

संध्याकाळी त्यांनी मागातून धोटा काढला. खिळ्याला टांगला नाही. माझ्या हातात दिला. म्हणाले, की यापुढे हा तुझ्याकडे. सोमवारी सकाळी तू मला द्यायचा, शनिवारी संध्याकाळी तू माझ्याकडून घ्यायचा. मधे मी मागितला तर देऊ नकोस. ओरडलो तरी देऊ नकोस. मी तुझा बाप आहे म्हणालो तरी. मी तो आईच्या पेटीत ठेवला आणि किल्ली गळ्यात घातली. खिळा आता नुसताच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता. मी लापशी वाढत होते. बाबा बाहेर आले, घड्याळाखाली पाहिलं, आणि माझ्यापुढे हात करून धोटा मागितला. मी म्हटलं, बाबा, आज रविवार आहे. ते माझ्या गळ्यातल्या किल्लीकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी मागितली. आम्ही चर्चला गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो.

एफी